आवाज न करणारा फ्रिज

जुना फ्रिज सरकारला द्या, कमी वीज खाणारा नवा सवलतीत न्या, अशी योजना निघाली होती. कपडे शिवून पोट भरणारी बाई रांगेत उभी होती. तिच्या पुढचे आजोबा खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होते.

"जुना चालू आहे ना, आजोबा?"

"चांगला घुरघुरतो. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एका सुरात घोरता."

"मग वीज भसाभस खात असेल. आत ठेवता तरी काय?"

"दुधाची पिशवी. बायको गेल्यापासून तेवढंच."

"मग नवा घ्याच. वीज निम्मी, आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"अजिबात नाही?"

"शप्पथ."

"थोडासा आवाज करणारा एखादा नसेल का?"

"आजोबा, सरकार तसा कशाला देईल?"

"तेही खरंच. मग राहू दे, आमचा आहे तो बरा आहे."

आजोबा काठी टेकत निघून गेले. कारकून हसला.

"काय एकेक माणसं असतात! या ताई. तुमचाही आवाज करतो का?"

"करतो की," ती म्हणाली, "शिलाई मशीन थांबलं की घरात तेवढा एकच आवाज असतो."

आणि तीही रांगेतून बाहेर पडली.