आश्रुबानं दार लावून दळलं

...न्हाई न्हाई, मी म्हनतो, चांगलं करायचं तर ढोल बडवून करावं! चार मानसं गोळा करावीत, हलगी लावावी, डोक्याला फेटा बांधावा, अन् मंग कुनाच्या दारात सरपनाची मोळी टाकावी. लपून चांगलं करनारा मानूस गावाला जेवढा हैरान करतो ना, तेवढा चोर करत न्हाई. चोर येऊन गेला की निदान कळतं तरी, बाबा, काय गेलं! हिथं काय आलं, कुठून आलं, कामून आलं... तुमाला सांगतो, आमच्या आश्रुबानं दोन उपकार केले अन् सारं गाव आठ दिवस झोपलं न्हाई.

आश्रुबा म्हंजे आमचा शेजारी. भित्तीला भित्त. पेडगावाच्या पल्याड साठ उंबऱ्याचं आमचं गाव. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्याला औंदा तिसरं साल. हा गेला पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला. तिथं कुनी बुवा कीर्तनात सांगायलेत, "उपकार करावा, पर नाव कळू देऊ नये. नाव कळलं की पुण्य उडालं कापरावानी!" आता पाचशे मानसं ऐकायली व्हती. चारशे नव्व्याण्णव परसाद खाऊन इसरून गेली. ह्या एकट्याच्या डोक्यात ते घुसून बसलं! पन्नाशीचा गडी, झुबकेदार मिशा, बोलनं कमी. त्यानं बुवाचं ऐकलं. आता तुमीच सांगा, त्याचं काय चुकलं?

गावाच्या कडंला बायनाबाई म्हनून म्हातारी. एकटी. गुडघे गेलेले. सरपनाला हिंडनं होत न्हाई. ह्यानं काय करावं? भर दुपारी, सारं गाव शेतात असताना, तिच्या दारात मोळी टाकायची अन् पसार व्हायचं. आठ दिवसाला एक मोळी. बाया इचारायल्या, "बायनाबाई, सरपन कुठून हो?" म्हातारी हात जोडून म्हनायची, "देव देतोय बाई मला." झालं! कुनाला देव पोरगं देईना, कुनाला पाऊस देईना, अन् हिलाच बरं सरपन देतोय? लोकांच्या पोटात दुखायलं.

तेवढ्यावर थांबायचं की न्हाई? पर न्हाई! कापसाची येचनी आली अन् गल्लीतल्या व्यंकटीची बायको झुंबरबाई बांधावरून घसरून पडली. उजवा हात मोडला. आता दळावं कुनी? गिरनी मानवतला. शेजारच्या बाया पहाटंच येचनीला. अन् व्यंकटी? बैलावानी धडधाकट, पर गडी मानसानं जात्याला हात लावायचा? इज्जत गेली की! लेकरं चार दिवस घुगऱ्या खायली, नुसती उकडलेली जवारी, सकाळी घुगऱ्या, संध्याकाळी घुगऱ्या. आश्रुबाच्यानं बघवंना.

एक दिस व्यंकटी बायकोला अन् लेकरांला घेऊन हाड बसवनाऱ्याकडं गेलता. दुपारची येळ, गल्लीत कुत्रं न्हाई. आश्रुबा आत शिरला, दार लावलं, दोन पायली जवारी दळली, पीठ टोपल्यात भरलं, वर फडकं झाकलं. हिथवर ठीक! पर ह्यो बाबा गायला हो! म्हनं, ओवीबगर जातं फिरत न्हाई. अन् ओवी तरी कोनती? 'भाऊराया, मला माहेराला न्यायला कधी येशील.' पन्नाशीचा मानूस!

अन् तेवढ्यात गल्लीतनं कोन जावं? किशनराव, आमचे पोलीस पाटील. त्यांनी काय ऐकलं? घरची मानसं गावाला, दार बंद, आत जातं घरघर करायलंय, अन् माहेरासाठी रडायलाय कोन, तर रेड्यावानी आवाज! किशनराव रझाकाराला भ्याले नव्हते. तवा भ्याले. एक पायतान तिथंच टाकून पळाले.

संध्याकाळपतूर गावात एकच बोंब, भानामती! आजवर कापडं पेटवनारी भानामती ऐकलती, घरावर धोंडे टाकनारी ऐकलती. जवारी दळून, वर फडकं झाकून जानारी पहिलीच! झुंबरबाईनं सारं पीठ उकिरड्यावर नेऊन वतलं. अन् लेकरं पुन्ना घुगऱ्यावर. आता तुमीच सांगा, काय चुकलं त्याचं?

मंग चावडीत बैठक. भानामती केली कुनी? किशनराव म्हनले, "जिच्या दारात सरपन आपोआप येतंय, तिनंच!" साऱ्यांनी माना डोलावल्या. ठरलं. बायनाबाईनं सोमवारच्या आत गाव सोडायचं. म्हातारी जानार कुठं हो? ना माहेर, ना सासर. गाठोडं बांधून त्याच मोळीवर बसून राहिली.

आश्रुबा माझ्याकडं आला अन् सारं कबूल केलं. तोंड एवढंसं. म्हनला, "चावडीत सांगितलं तर पुण्य जाईल, भाऊ."

मी म्हनलं, "अन् न्हाई सांगितलं तर म्हातारी जाईल."

"गाव हसंल."

"हसंल. मरस्तवर हसंल."

मंग उठला अन् सरळ चावडीवर गेला. "म्या दळलं," म्हनला. "मोळ्या बी म्याच टाकल्या."

अहो, काय हसले लोक! व्यंकटी तर लोळायचा राहिला. किशनराव म्हनले, "म्हातारीची दया आली म्हून खोटं बोलायलास व्हय रं? तुझ्या मिशा बघ, अन् दळतोस?"

आश्रुबा घरी गेला, बायकोचं जातं खांद्यावर उचलून आनलं, चावडीम्होरं मांडलं. एक पाय मुडपला, एक लांब केला, बाया बसतेत तसा. जात्यात मूठभर जवारीची वैरन घातली अन् गायला लागला. तीच ओवी. मंग खाली बघूनच म्हनला, "माझी माय आंधळी व्हती. बहीन नव्हती. लहानपनापासून म्याच दळायचो. दार लावून."

कुनी हसंना. तेवढ्यात गर्दीच्या कडंला गाठोडं घेऊन बसलेली बायनाबाई उठली. लंगडत आली, म्होरं बसली अन् खुंट्याला हात लावला. दोघं मिळून दळायले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्याला पानी आलं. किशनराव बाजूला तोंड करून खाकरायले. म्हातारीचं गाव सोडनं तिथंच टळलं.

आता आश्रुबा तरी सुटला म्हनावं का न्हाई? न्हाई! कडूबाई, त्याची मालकीन, गर्दीत हुबी. कमरंला पदर खोचलेला. म्हनली, "तीस वर्सं झाली लग्नाला. पाच बाळंतपनं झाली. तापानं फनफनले तरी म्याच दळलं. अन् ह्यांला येतंय? ओवीसगट येतंय?" तुमाला सांगतो, तिच्यापुढं भानामती बरी! तवापासून रोज पहाटं आश्रुबा घरी दळायलाय. दार सताड उघडं. कडूबाई अंथरुनावर पडून गल्लीला ऐकू जाईल असं म्हनती, "ओवी वरच्या पट्टीत म्हना."

आता तुमीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? भित्तीला भित्त हो आमची! रोज पहाटं तिकडं जातं घरघरलं की हिकडं आमची पार्वती मला कोपरानं ढोसती. बोलत न्हाई. नुसती ढोसती. म्हैना झाला. हे बघा तळहात, फोडच फोड. कुनी इचारलं तर सांगतो, कुऱ्हाडीनं आलेत.