गुंडाळलेले पडदे

सेफिना : मालिया, पाऊस आला बघ. सोड ते पडदे खाली.

मालिया : आमच्याकडे सोडत नाहीत, ताई. चटई मधे ओढ, झालं.

सेफिना : साऱ्या सामोआत असं घर नसेल. भिंती तर इथं कुणाच्याच घराला नसतात, पण तुम्ही झावळ्यांचे पडदे विणून कायमचे वर गुंडाळून ठेवलेत. शोभेला?

मालिया : तू तेव्हा ऑकलंडला होतीस, आणि आम्ही खाली किनाऱ्यावर राहायचो. समुद्राची ती मोठी लाट आली त्या सकाळी पडदे खालीच होते. सहा वर्षांची लुपे झोपेतच त्यांत गुरफटली. पाण्यातून ओढून, दातांनी दोऱ्या तोडून काढली मी तिला. पुढे नुसता पडदा हलला तरी पोरीचा श्वास अडकायचा.

सेफिना : म्हणून तिचं लग्न होईपर्यंत भिजत बसलात?

मालिया : बसलो. पाऊस आला की सगळे उठून देवाची गाणी म्हणायचो. खालच्या लोकांना आमच्या गाण्यावरून कळायचं, डोंगरावर पाऊस लागला म्हणून. तिचे बाबा मुद्दाम बेसूर गायचे, ती हसावी म्हणून.

सेफिना : आणि तिचं हे आठ दिवसांचं बाळ? त्याला काय गाणं पांघरणार?

मालिया : हळू बोल. आली ती.

लुपे : ऐकलंय मी. मावशी, बाळाला घे जरा.

मालिया : लुपे, राहू दे. मी ताडपत्री धरते त्याच्यावर.

लुपे : किती वर्षं धरशील, आई? सरक. बाबांनी गाठी तरी केवढ्या मारल्यात.

सेफिना : मी सोडते. तू बाहेर थांब.

लुपे : नको. माझ्याच हातानं.

(पहिला पडदा खाली येतो.)

मालिया : श्वास घे, बाळा.

लुपे : घेतेय.

मालिया : मोठ्यानं घे. मला ऐकू येऊ दे.

लुपे : आई, श्वास तूच धरून ठेवलायस. सोड तो.

सेफिना : खरंच गं, मालिया. लाल झालीस.

लुपे : हा दुसरा. गाठ सुटतेय. आता समुद्राकडचा.

मालिया : तो तेवढा असू दे उघडा.

लुपे : झड तिकडूनच येतेय, आई… हं. सोडला.

मालिया : लुपे? कसं वाटतंय?

लुपे : अंधार झाला.

सेफिना : वर करू का परत?

लुपे : नको. दिवा लावा कुणीतरी. बाळाचं तोंड दिसत नाहीये.