तुळसाअक्कांच्या वडिलांचं पदक

पलटणींचे जुने बिल्ले जमवायचा माझा नाद ऐकून येलवालच्या तुळसाअक्कांनी मला बोलावलं. वडिलांचा घोडदळातला बिल्ला आणि लढाईचं पदक त्यांना विकायचं होतं.

"बाबा रणातून पळाले, असं सगळे म्हणतात. तुम्हाला यातलं कळतं, खरं काय ते सांगा."

अशा पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. दुसऱ्याचंच निघालं तर काय सांगायचं? मी कडेवरचा काळा थर फडक्याने पुसायला घेतला. हळूहळू अक्षरं दिसली.

"बाबांचंच नाव आहे, अक्का. पळालेल्याला सरकार पदक देत नाही."

त्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या, "केळ्द्या? ऐकलंस ना?"

आणि पदकाची डबी माझ्यापुढून ओढून घेत म्हणाल्या, "बेजार करून घेऊ नका हं, वाईट वाटू देऊ नका. आता हे विकायचं नाही."