मालक झालो तर भांडू कोणाशी?

डेव्हन ॲव्हेन्यूवर बसची वाट बघत शेवंताकाकू बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एक बहीणभाऊ मराठीत हुज्जत घालत होते. चोरून ऐकू नये हे काकूंना ठाऊक होतं, पण परमुलखात मराठी कानावर पडली की कान आपले राहत नाहीत.

"दादा, तिकडे आईबाबा इतकी वर्षं भाड्यानं राहताहेत ते घर हाउसिंग बोर्ड आपणहून विकतंय. पैसे आपण दोघं भरतोय. मग बाबांची सही कुठे अडली?"

"ते म्हणतात, मालक झालो तर भांडू कोणाशी?"

"म्हणजे?"

"अगं, नळ गळला की बोर्डाच्या ऑफिसात जाऊन साहेबाला झापायचं, हेच तर त्यांचं टॉनिक. घर स्वतःचं झालं की गप्प बसावं लागेल म्हणे."

"आणि आई?"

"आईला एकदा तरी आपल्या भिंतीत खिळा ठोकायचाय. बोर्डाची भिंत म्हणून बाबा ठोकू देत नाहीत."

"शुक्रवारी मुदत संपतेय, यार! फोन लाव."

"तूच बोल. माझं ऐकत नाहीत."

बस आली. काकूंनी ती जाऊ दिली.

"बाबा, रुचा बोलतेय. घरं आपली झाली की बिल्डिंगची सोसायटी होणार ना? तिला सेक्रेटरी लागेल... हो, सगळ्यांच्या वतीनं महापालिकेशी तोच भांडणार... तळमजल्यावरचे सामंतकाका तयार आहेत म्हणे... बाबा? हॅलो?"

"काय गं, फोनचं कार्ड संपलं?"

"नाही रे. आईवर ओरडताहेत, चष्मा आणि पेन कुठे ठेवलंस म्हणून."