बैलाची जादा नखं

आमच्या घरी एक नियम होता. देवानं जे जसं केलंय, ते तसं का केलं, हे विचारायचं नाही. आणि मी तर पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते.

पोळ्याला घोरावाडी स्टेशनवर उतरून घरी आले. आजोबा, म्हणजे आमचे आबा, बैलाच्या खुरांना तेल लावत होते. खुरांच्या मागे, जरा वर, दोन छोटी नखं असतात, त्यांनाही लावलं.

मी विचारलं, "आबा, ती जमिनीला टेकतसुद्धा नाहीत. मग आहेत कशाला?"

"शोभंला."

"ती झिजत आलेली बोटं आहेत, आबा. आत बारीक हाडंही असतात. याच्या पूर्वजांना जास्त बोटं होती. आपल्या हाताची ठेवणही तीच. लांबचं का होईना, नातं आहे आपलं."

शेजारी बसलेले चुलते, तात्या, उखडले. "मंग मी काय बैलाचा चुलता लागतो? आबा, हिचं कालेज बंद करा."

आबांनी हात पुसले. "बैलाम्होरं कान धर आन् चुकलं म्हण. मगच पुण्याला जायचं."

"दर पोळ्याला तुम्ही दोघं याच्या पाया पडता, पहिला घास यालाच देता. मी नुसतं नातं सांगितलं. कान धरणार नाही. शोभा सोडून ही नखं कशाला आहेत ते तुम्ही सांगा, मी आजच कॉलेज सोडते."

आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या नखांकडे बघत होते.