अंत्याने पुसलेलं मशीन

कस्टमचं नाव काढू नका रे माझ्यासमोर, हा चहासुद्धा कडू लागेल. संप फसला, गिरणी गेली, तेव्हा मी आणि माझ्याच खात्यातला अंत्या, दोघांनी गावची जमीन विकून परदेशातून मोजे विणायचं एक जुनं मशीन मागवलं. ते गोदीत उतरलं आणि कस्टमने पूर्ण तपासणी लावली.

आमच्या एजंटने बजावलं होतं, "साहेब यायच्या आधी पेटी उघडून ठेवा. कागदावर लिहिलंय तेच पेटीत दिसलं पाहिजे. बाकी कशाला हात लावू नका."

मी कागदांच्या झेरॉक्स काढून परत येतो तर अंत्या बनियनवर, हातात तेलाचा डबा नि चिंधी. मशीन नुसतं लखलखतंय.

"अरे, हे काय केलंस?"

"तपासणीला मळकं मशीन दाखवू? गिरणीत कधी दाखवलेलं का आपण?"

साहेब आले. मशीन बघितलं, कागद बघितला. "याला जुनं म्हणता? हे तर कोरं आहे. किंमत लपवताय."

झालं, माल अडकला. इंजिनीयरचा दाखला आणा, अर्ज करा, सुनावणीला या. त्यात अख्खा पावसाळा गेला आणि मशीन तिथेच खाऱ्या हवेत पडून.

शेवटी साहेब पुन्हा आले. सुया गंजलेल्या, चाक हलेना. त्यांनी मशीनवरून बोट फिरवलं, ते तांबडं झालं.

"हां, आता पटलं. जुनंच आहे," म्हणाले आणि सही केली.

अंत्याने खिशातून चिंधी काढली आणि साहेबांपुढे धरली. बोट पुसायला.