गुप्त मतदान, सहीसकट

आमच्या नारायणगुड्याच्या विमा ऑफिसातल्या बदल्या कशा टळल्या, ऐक. साहेबांनी आम्हा सगळ्यांच्या बदल्या काढल्या, म्हणून संपासाठी मतदान घ्यायला युनियनने अर्ज केला. साहेबांनी एकच अट घातली, मत गुप्त हवं, नाहीतर मतदान रद्द. पेटी उघडली, तर चिठ्ठीचिठ्ठीवर "संप हवा" आणि खाली झोकदार सही, तारखेसकट! अख्ख्या नोकरीत सहीशिवाय कागद पुढे सरकवला नाही ना आम्ही. माझीही होतीच. शेवटी एक बिनसहीची चिठ्ठी निघाली. साहेब खुलले, "चला, एकाला तरी अक्कल आहे!" तेवढ्यात मागून आमचे रेड्डी धावत आले. "ठैरो साब, वो मेरी है. साइन मारना भूल गया मैं!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला बदलून दुसरं ऑफिस कशाला नासवू? राहा इथेच!"